मिशनवर गेलेलं पोर आणि बडोद्याचं घर: फोन, खाऊ, कागदपत्रं

रावपुरा_घड्याळ

ज्यांच्या घरातलं मूल चर्चच्या मिशनसेवेला परदेशी गेलंय, किंवा येत्या सहा-आठ महिन्यांत जायचंय, त्यांच्यासाठी हा धागा. एक विनंती आधीच करून ठेवतो: अनुभवकथन नको. आपल्याकडे कुठलाही धागा तिसऱ्या प्रतिसादाला 'आमच्या वेळी'वर घसरतो. काय करायचं, किती, कधी, कुठे फसतं आणि का, एवढंच लिहा.

सुरुवात मी करतो. लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चच्या तरुण मिशनरींचं वेळापत्रक पक्कं असतं. मुलगे २४ महिने, मुली १८ महिने. एकटं कुणी राहत नाही. सतत एक जोडीदार बरोबर असतो आणि तो आपण निवडलेला नसतो. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या निघतात: कधी जोडीदार बदलतो, कधी गाव, कधी दोन्ही. आठवड्यातला एक दिवस तयारीचा, बहुतेक ठिकाणी सोमवार. कपडे धुणं, किराणा, केस कापणं, खोली झाडणं आणि घरी फोन, सगळं त्या एका दिवसात.

१५ फेब्रुवारी २०१९ च्या आधी घरी आठवड्याला फक्त ईमेल जायचा. फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. त्या तारखेपासून दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. आठवड्याला एक कॉल कमी वाटणाऱ्यांनी जुना हिशोब मांडून बघावा: अख्ख्या दोन वर्षांत चार.

कॅथलिक धर्मसंघ, मेथडिस्ट, साल्वेशन आर्मी, प्रत्येकाचे नियम निराळे. म्हणून जाण्याआधी तीन गोष्टी लेखी मागून घ्या: फोनचा नियम, पार्सलचा पत्ता, आणि घरात कुणी आजारी पडलं किंवा गेलं तर कुणाला कळवायचं.

गेंडीगेट

'सोमवार' हा शब्दच फसवा आहे. कुणाचा सोमवार ते आधी ठरवा.

फिलिपिन्स आपल्या अडीच तास पुढे. तिथे सकाळचे ११ म्हणजे इथे साडेआठ, म्हणजे आई डब्याच्या घाईत आणि बाबा एका पायात बूट घालून. केनिया अडीच तास मागे, तिथले १० म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. ब्राझीलचा मोठा भाग साडेआठ तास मागे, आणि २०१९ पासून तिथे घड्याळ मागेपुढे करणं बंद आहे, त्यामुळे तो देश या बाबतीत सुखाचा. इंग्लंड हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. अमेरिकेचा युटा हिवाळ्यात साडेबारा तास मागे: त्यांचे सोमवार सकाळचे ९ म्हणजे आपले सोमवार रात्रीचे साडेनऊ.

फसतं कुठे? इंग्लंडमध्ये घड्याळं बदलतात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. रविवारी बदल आणि सोमवारी कॉल! म्हणजे बदल अंगवळणी पडायला एक दिवससुद्धा मिळत नाही. इंग्लंडमधल्या मुलाचे सकाळचे १० हिवाळ्यात आपले साडेतीन, आणि मार्चच्या त्या सोमवारी एकदम अडीच. घरचे निवांत साडेतीनला बसतात, तोवर पोर तासभर वाट बघून कपडे धुवायला निघून गेलेलं असतं. ऑक्टोबरमध्ये उलटं. घरचे अडीचलाच बसतात, पलीकडून कुणी उचलत नाही, आणि तासभरात आईचं मन कुठवर जाऊन येतं ते सांगायला नको.

उपाय एकच: वेळ मुलाच्या घड्याळाने ठरवा, आपल्या नाही. त्याचा दिवस आखलेला आहे, आपला हलवता येतो. आणि घरात स्वस्तातलं एक भिंतीवरचं घड्याळ त्याच्या वेळेवर लावून ठेवा. मोबाईलवर दुसऱ्या देशाची वेळ दिसते हे खरं, पण आजी मोबाईल उघडून बघत नाही, भिंतीकडे बघते.

कारेलीबागवाली

गेंडीगेटदादांनी वेळेचं सांगितलं, मी कॉलच्या आतलं लिहिते.

४० मिनिटं पुरतात. दीड तासाचा कॉल म्हणजे त्याचा किराणा राहिला, आणि मंगळवारपासून आठवडाभर नूडल्सची पाकिटं. पहिली दहा मिनिटं त्याचीच. आपण फक्त हुंकार द्यायचा. मग घरातले एकेक, पण समोर एका वेळी दोघांपेक्षा जास्त नकोत. अकरा जणांचं वर्तुळ करून बसलं की प्रत्येक जण 'जेवलास का, बारीक झालास' एवढंच विचारून पुढच्याकडे फोन देतो, आणि ४० मिनिटांत त्या मुलाने एकाच प्रश्नाला अकरा उत्तरं दिलेली असतात. आत्या-मामांना पाळीपाळीने बोलवा, महिन्यात एक घर.

प्रश्न बारीक विचारा. 'कसा आहेस'ला 'मस्त' याखेरीज उत्तर नाही. 'काल भाजी कुठली केली, फोडणी कशात दिलीस, जोडीदार खातो का ती' विचारलं की पुढचं आपोआप येतं. 'आठवण येते का' हा प्रश्न कॉलच्या शेवटच्या पाच मिनिटांत कधीच नको. विचारायचाच असेल तर सुरुवातीला, म्हणजे त्यावर बोलायला वेळ राहतो.

आणि कॉलची जागा दिवसात नीट बसवा. फोन ठेवल्यानंतरचा तास सगळ्यात जड जातो. रात्री झोपायच्या आधी कॉल ठेवला तर तो तास अंथरुणात जातो. कॉल आधी, मग कपडे-बाजार असा क्रम लावायला सांगा. हाताला लगेच काम हवं.

फोन टेकवायला ओट्यावरचा पोह्यांचा डबा उत्तम; उंची बरोबर डोळ्यांच्या पातळीला येते आणि मागे चूल दिसते. झोपाळ्यावर बसून व्हिडिओ कॉल मात्र नको. चित्र हलतं, समोरच्याला मळमळतं, आणि कडीची करकर माईक आधी पकडतो, माणसाचा आवाज नंतर.

विश्वामित्रीचा_मगर

ताई, बाकी सगळं मान्य, झोपाळा नामंजूर. चित्र हलतं हे खरं, तर फोन समोर स्टुलावर ठेवा आणि आजोबांना झुलू द्या. पण ती करकर काढून टाकू नका. दूर गेलेल्या पोराला चेहरे फोटोतही दिसतात. घराचा आवाज फोटोत येत नाही: कडीची करकर, कुकरची शिटी, खालून जाणाऱ्या भंगारवाल्याची हाळी.

तांत्रिक मुद्दा असा की हल्लीची कॉलिंग ॲपं मागचा सारखा येणारा आवाज आपणहून दाबतात. पंखा जातो, त्याबरोबर झोपाळाही जातो. झूमवर कॉल असेल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा, मग दाबत नाही. मात्र तेव्हा पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात बडोद्यात ४० मिनिटं पंख्याशिवाय बसायचं की नाही, ते ज्याच्या त्याच्या प्रेमावर.

निवृत्त_टपाल

पार्सलवर लिहितो.

पत्ता. खोलीच्या पत्त्यावर पार्सल कधीही पाठवू नका. परदेशी टपालाला आठवडे लागतात आणि बदली सहा आठवड्यांनी येते. पार्सल पोचतं, माणूस हललेला असतो. मिशन कार्यालयाच्या पत्त्यावरच पाठवा. ते लोक पुढे पोचवतात किंवा बैठकीला हातात देतात. नाव पासपोर्टावर आहे तसंच, त्याआधी मुलगा असेल तर 'एल्डर', मुलगी असेल तर 'सिस्टर'. कार्यालयाचा फोन नंबर लिहिलाच पाहिजे.

कस्टम्सचा अर्ज. लहान पाकिटाला सीएन-२२, मोठ्याला सीएन-२३. हा तपशील आता संगणकात भरला जातो आणि पार्सल पोचायच्या आधीच समोरच्या देशाला दिसतो. त्यामुळे 'खाऊ', 'गिफ्ट', 'होममेड फूड' असलं काही लिहू नका. अशा मोघम शब्दांवरच पार्सल अडकतं. प्रत्येक वस्तू वेगळी, इंग्रजीत: काय आहे, कशाचं केलंय, किती नग, किती ग्रॅम, किती रुपयांचं. उदाहरणार्थ, तळलेली शेव, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, १ पाकीट, ५०० ग्रॅम. वस्तूंच्या वजनांची बेरीज खोक्याच्या एकूण वजनापेक्षा जास्त भरली तर अर्ज परत येतो, आणि ही चूक फार जण करतात, कारण घरचा काटा आणि पोस्टाचा काटा यांचं जमत नाही. किंमत शून्य लिहू नका.

खोकं. घरून टेप मारून आणू नका. आत काय आहे ते खिडकीवर बघायला मागू शकतात. टेप, कात्री, ओळखपत्राची प्रत आणि मार्कर पिशवीत ठेवा. आणि मिठाईचं जुनं खोकं वापरू नका! वर 'मावा बर्फी' छापलेलं आणि आत मोजे, असं खोकं आधी उघडलं जातं. छापलेलं काही असेल तर खोकं उलटं करून बांधा किंवा साधा कागद लावा.

नको त्या वस्तू: पॉवर बँक, सुटी बॅटरी, अत्तर, तेलातलं लोणचं, चिठ्ठीशिवायच्या औषधांच्या पट्ट्या. मेतकूट, जिरावण, चूर्ण ही हाताने बांधलेल्या पुडीत नकोत. पिवळी-तपकिरी भुकटी, वर नाव नाही, म्हटल्यावर तपासणारा काय समजेल? नाव आणि घटक छापलेलं सीलबंद पाकीटच घ्या.

खंडेराव_मार्केट

काकांनी कागद सांगितला, मी आतला माल सांगते.

पहिलं, देशाप्रमाणे काय चालत नाही ते बघा. ब्रिटन आणि युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून टपालाने दूध-मांसाचे पदार्थ येऊ देत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, कलाकंद बाद. ऑस्ट्रेलिया बिया आणि अख्ख्या धान्याच्या बाबतीत फार कडक. आणि एक गोष्ट फराळात लपून जाते: खसखस. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. नाताळच्या डब्यात अनारसे आणि करंज्या हमखास असतात. अनारशावर खसखस उघडी दिसते, करंजीच्या सारणात दिसत नाही, पण असते. त्या देशांत पाठवायचं असेल तर अनारसे तिळावर थापा आणि सारणातून खसखस वगळा. विमानतळावरून कुणाच्या सामानात पाठवताना तर हे दुप्पट सांभाळा, कारण तिथे उत्तर द्यायला जाणारा माणूस उभा असतो, आपण नाही.

दुसरं, टिकाव. पातळ पोह्यांच्या चिवड्यात सगळ्यात आधी खवट होतं ते खोबरं, मग शेंगदाणे. महिनाभर प्रवासात राहणाऱ्या चिवड्यात दोन्ही नकोत. डाळं आणि कढीपत्ता पुरतो. अर्धा किलो पोह्यांना पाच-सहा मोठे चमचे तेल. पोहे मंद आचेवर १०-१२ मिनिटं, चिमटीत घेतले की भुगा झाला पाहिजे. वाकले तर अजून ओल आहे. कढीपत्ता फोडणीत चुरचुरेपर्यंत तळा. एक मऊ पान राहिलं तर चार दिवसांत अख्खं पाकीट सादळतं. पिठीसाखर कमी, आणि चिवडा पूर्ण गार झाल्यावर. गार म्हणजे परातीत पसरून चार तास, वर झाकण नाही. कोमट असताना भरलं की पिशवीच्या आत दव धरतं, बाहेरून कळत नाही.

तिसरं, पॅकिंग. बडोद्यात व्हॅक्यूम करून देणारे फरसाणवाले शोधावे लागत नाहीत, पण व्हॅक्यूम सगळ्याला लावू नका. हवा काढली की शेवेचा आणि चिवड्याचा चुरा होतो, चकलीचे तुकडे. व्हॅक्यूम कशाला? लाडू, चिक्की, मसाले, सुकी लहान भाखरवडी. कुरकुरीत माल जाड दुहेरी पिशवीत, थोडी हवा ठेवून. चकल्या गोल डब्यात एकावर एक रचून, वरच्या फटीत टिश्यूचा बोळा. वर्तमानपत्र आत नको, शाई तेलात उतरते. आपला लीलो चेवडो आवडीचा असला तरी पाठवू नका. त्यात बटाट्याची ओल असते, ते दोन-चार दिवसांचं खाणं.

चौथं, वजन. खाजगी कुरिअर वजन दोन प्रकारे मोजतं आणि जास्त भरेल ते लावतं: काट्यावरचं, आणि खोक्याचं आकारमान. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. ४० बाय ३० बाय २५ चं खोकं म्हणजे ६ किलो, आत दोन किलो चिवडा असला तरी. तेच ३० बाय २५ बाय २० घेतलं तर ३ किलो. म्हणून चिवडा-शेव थोडं आणि लाडू-चिक्की-मसाले जास्त घ्या. फटींत मोजे भरा. मोजे त्यांना कायमच लागतात, दिवसभर पायी फिरायचं असतं.

सुरसागरकाठ

बेसनाच्या लाडवात तूप आहे, मग ते दुधात धरायचं का?

खंडेराव_मार्केट

ताई, ज्या देशात दुधाला बंदी आहे तिथे तुपावरून वाद घालायची वेळ येऊ देऊ नका. तिथे चिक्की आणि तेलातले शंकरपाळे पाठवा. बाकी ठिकाणी लाडू पाठवताना तूप कमी करा: किलोभर जाड बेसनाला घरी पाऊण किलो पिठीसाखर आणि अर्धा किलो तूप घेत असाल, तर प्रवासासाठी तूप ४०० ग्रॅम. जास्त तुपाचा लाडू उन्हात बसतो आणि पाकिटात बेसनाची वडी तयार होते. भाजणं मात्र तितकंच, मंद आचेवर ३५-४० मिनिटं. कच्चं बेसन आधी खवट होतं.

शेवउसळ_एक्स्ट्रातरी

सगळे लाडू-चिवड्यावर बोलताय, पण बडोद्याच्या मुलाला तिथे स्वप्नात शेवउसळ येते. ती पाठवता येत नाही, तरीचा मसाला येतो. वाटाणे तिकडच्या दुकानातून घेतले तर कस्टम्सचा प्रश्नच नाही. सुके वाटाणे बहुतेक देशांत मिळतात.

पाव किलो सुक्या पांढऱ्या वाटाण्यांना, चौघांसाठी: काश्मिरी तिखट २ मोठे चमचे, साधं तिखट १ लहान, धणेपूड २ मोठे, जिरेपूड १ लहान, गरम मसाला २ लहान, आमचूर १ लहान, सुक्या लसणाची पूड १ मोठा. एका वेळचं एक पाकीट, अशी सहा पाकिटं. मोठी एकच पिशवी दिली की ती उघडी राहते आणि दमट हवेत मसाल्याचा खडा होतो. घरचा मसाला असेल तर वर टपालकाकांनी सांगितलेलं लेबल विसरू नका.

सोबत कृतीची चिठ्ठी द्या, कारण तो फोन करून विचारणार नाही, सोमवार सहा दिवसांवर असतो. वाटाणे ८-१० तास भिजवायचे, चिमूटभर सोडा. कुकर असेल तर ३-४ शिट्या, नसेल तर झाकण ठेवून तास-सव्वा तास, पाणी गरमच वाढवायचं. कांदा परतून त्यात उसळ, एक पळी वाटाणे ठेचून, म्हणजे रस्सा दाट होतो. तरीसाठी सहा मोठे चमचे तेल कडकडीत तापवायचं, आच बंद करायची, अर्धा मिनिट थांबायचं, मग मसाला. थांबलं नाही तर तिखट जळून काळं-कडू होतं, आणि भाड्याच्या खोलीतला धुराचा अलार्म वाजतो. हे दुसरं जास्त महाग पडतं.

न्यायमंदिर_मागे

खाण्यातून बाहेर येऊ. कागदांवर थोडं.

नावाचा क्रम हा गुजरातमध्ये वाढलेल्या मुलांचा खास घोळ. इथल्या मार्कशीटवर आणि शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टात आडनाव वेगळ्या रकान्यात. व्हिसाचा अर्ज कुणी मार्कशीट समोर ठेवून भरला की आडनावाच्या जागी वडिलांचं नाव जातं. पासपोर्ट, व्हिसा अर्ज, तिकीट, लसीचं कार्ड, या चारही ठिकाणी नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते एका बैठकीत ताडून बघा. एकानेच नाही, दोघांनी: एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवायचं.

पासपोर्टाची मुदत निघायच्या दिवशी किमान ३० महिने शिल्लक हवी: दोन वर्षांची सेवा आणि वरचे सहा महिने. कमी असेल तर आधी नवा करा. परदेशातही नूतनीकरण होतं, पण व्हिसा जुन्या पुस्तिकेत राहतो आणि दोन्ही बाळगत फिरावं लागतं.

केनियासारख्या देशांसाठी पीतज्वराची लस. मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी. प्रमाणपत्र तेव्हापासून लागू होतं आणि जन्मभर चालतं. परत येताना तर ते लागतंच, नाहीतर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. दोन वर्षांनी घरचे विमानतळावर हार घेऊन उभे आणि पोर आत, असं होऊ नये. कार्ड हातातल्या बॅगेत.

भारतातलं सिम घरी जुन्या फोनमध्ये चालू ठेवा. ९० दिवस वापर नसला तर नंबर बंद होऊ शकतो आणि बँक, आधार सगळं त्याच नंबरला बांधलेलं असतं. महिन्याला एक रिचार्ज, एक बाहेर जाणारा कॉल. बँकेच्या कामासाठी त्याचा ओटीपी इकडून तिकडे सांगत बसण्यापेक्षा जाण्याआधी खातं आईबरोबर संयुक्त करून घेतलेलं बरं.

दांडियाबाजार_११

विषय थोडा बाजूचा: मिशनरी म्हणजे ख्रिस्तीच असं नाही. आपल्यातली वेदपाठशाळेत शिकलेली मुलं अमेरिकेतल्या मंदिरांत पूजा सांगायला जातात, घरची आठवण त्यांनाही तीच. त्यांचा व्हिसा आर-१, धार्मिक कार्यकर्त्यांचा: एका वेळी ३० महिन्यांपर्यंत, एकूण पाच वर्षं. बायको-मुलांना आर-२ मिळतो, पण त्यावर नोकरी करता येत नाही. अर्ज मंदिराने करायचा असतो आणि आधीची किमान दोन वर्षं त्याच पंथाशी संबंध असल्याचं दाखवावं लागतं. त्यांच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे फाटे नकोत.

फतेगंज_पिंपळ

आठवणीवर कुणीच लिहिलं नाही, सगळे चिवड्यावर. साहजिक आहे, चिवडा सोपा.

पहिले तीन ते सहा आठवडे सगळ्यात वाईट. पोट बिघडतं, झोप विस्कटते, भाषा कळत नाही, आणि हे सगळं एकदम. मग उतरतं. पुन्हा चढतं ते पहिल्या बदलीला, कारण ज्या जोडीदाराची सवय झाली तोच जातो. मग आजारपणात. मग सणांना. नाताळची तयारी घरचे करून ठेवतात, पण बडोद्याच्या मुलाला नाताळइतकीच नवरात्र आणि उत्तरायण लागतात, मग तो रविवारी चर्चला जाणारा का असेना. १४ जानेवारीला सगळं शहर गच्चीवर आहे आणि आपण कुठल्यातरी बसथांब्यावर, हे त्याला त्या दिवशी फार टोचतं. नोव्हेंबरमध्येच खोक्यात पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून दोन पतंग घाला. वजन काहीच नाही. मांजा नको, काचेचा तर मुळीच नको. साधा दोरा तिथे मिळतो.

उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवरून लागोपाठ साठ फोटो पाठवू नका. त्याचा दिवस कामाचा असतो. दोन मिनिटांचा एक व्हिडिओ, पुढच्या तयारीच्या दिवशी बघता येईल असा.

आता महत्त्वाचं. घरची ओढ आणि आजार यांत फरक आहे. ओढ संध्याकाळी येते, काम लागलं की मागे पडते, जेवण-झोप थोडी हलते आणि सावरते. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण तुटलं, वजन उतरतंय, कॉल टाळतोय किंवा कॅमेरा बंद ठेवतोय, तर ती ओढ नव्हे. 'मी नसलो तरी काय फरक पडतो' अशा अर्थाचं वाक्य ऐकू आलं तर पुढच्या सोमवारची वाट बघायची नाही. त्याच दिवशी मिशनच्या प्रमुखांना फोन. त्यांच्याकडे वैद्यकीय आणि मानसोपचाराची मदत असते, आणि ते त्याच्यापासून काही तासांच्या अंतरावर असतात, आपण नाही. जाण्याआधी तो नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. मोबाईलमध्ये 'सेव्ह आहे' म्हणजे रात्री दोन वाजता कुणालाच सापडत नाही.

इकडे आईवडिलांना जड जात असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आहे, फुकट आहे.

आणि जो मुदतीआधी परत येतो त्याला मंडळीत 'का आलास' विचारणाऱ्यांना घरच्यांनीच दारात थांबवावं. 'आलाय, बरा आहे' एवढं उत्तर पुरे.

सुरसागरकाठ

घरात आजी-आजोबा ऐंशीच्या पुढचे असतील तर? हे विचारायला नको वाटतं, पण विचारते.

रावपुरा_घड्याळ

विचारायलाच हवं, आणि मूल निघायच्या आधी, त्याच्यासमोर, शक्य असेल तर आजोबांसमोरच. बहुतेक मिशनरी अंत्यविधीला परत येत नाहीत, सेवा चालू ठेवतात. त्यामुळे 'काही झालं तर सांगायचं का, लगेच की सोमवारी' हे त्यालाच विचारा आणि त्याचं उत्तर पाळा. परस्पर लपवून सहा महिन्यांनी सांगणं हा आपल्याकडचा जुना मार्ग. तो फसतो, कारण नात्यातल्या कुणीतरी कुठेतरी फोटोला हार घातलेला टाकतोच.

क्रम असा: आधी मिशनच्या प्रमुखांना कळवायचं, ते किंवा जोडीदार त्याच्याजवळ पोचले की मग घरचा कॉल. बातमी एकानेच सांगायची, पहिल्या वाक्यातच. 'आजोबांची तब्येत जरा...' अशी सुरुवात केली की ते पोर पुढची चार मिनिटं आशेवर घालवतं. अशा कॉलला आठवड्याची मर्यादा नसते. कोण सांगणार ते आधी ठरवून ठेवा. आईच सांगेल असं गृहीत धरू नका, तिचे वडील गेलेले असू शकतात.

निवृत्त_टपाल

पत्रांचं राहिलं. ईमेल असला तरी हाताने लिहिलेलं महिन्याला एक पाठवा. ते वहीत राहतं, उशाशी राहतं. पाकिटावर मागच्या बाजूला कोपऱ्यात क्रमांक टाका, १, २, ३. सातवं मिळालं आणि सहावं नाही, हे त्याला कळतं, तुम्हालाही कळतं, आणि 'आईने या महिन्यात लिहिलंच नाही' हा गैरसमज होत नाही. कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहा, वीस ग्रॅमच्या आत तीन पानं सहज बसतात. आजीला लिहिता येत नसेल तर तिने सांगायचं आणि नातीने उतरवायचं, तिच्याच शब्दांत, शुद्ध न करता.

रावपुरा_घड्याळ

आता पहिल्या पोस्टीत भर घालतो: देशांच्या वेळा, खसखशीचा इशारा, मिशन कार्यालयाच्या पत्त्याचा नमुना, लसीचे १० दिवस. झोपाळ्यावर एकमत झालेलं नाही, दोन्ही मतं ठेवतो.

कारेलीबागवाली

मी स्टुलावर फोन ठेवायला तयार आहे. पंखा बंद करायला नाही.

विश्वामित्रीचा_मगर

चालेल. फक्त कडीला तेल घालू नका.